छकड्यावरचा काडीमाणूस

कमळाबाईंनी माझ्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या डोळ्यांत कुंकू भरलं, त्या सकाळी मी एवढी भडकले होते की समोर बैल नसते तर मीच जू खांद्यावर घेऊन पळत सुटले असते. राग माझ्या नाकावरच असतो, हे अख्ख्या नागभीडला ठाऊक आहे. पण कॅमेरे कसले आणि बैल कोणाचे, ते आधी सांगते.

मी रुखसार. अब्बांचं, म्हणजे नूर मोहम्मद टेलरचं, नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर दुकान आहे. मी नागपुरात एका ॲनिमेशन कंपनीत काम करते. गेममध्ये जी खोटी माणसं धावतात, उड्या मारतात, त्यांची हालचाल बहुतेक वेळा खऱ्या माणसाकडून उसनी घेतलेली असते. कुणाला तरी स्टुडिओत ठिपक्यांचा घट्ट पोशाख घालून नाचवतात, चारी बाजूंनी कॅमेरे त्याच्यावर रोखतात, आणि त्यातून कॉम्प्युटर त्याच्या हाडांचा सांगाडा उभा करतो. आता शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला, छकडा स्टुडिओत कसा पळवायचा? तिथल्या लिफ्टमध्ये बैल मावत नाहीत, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले, पण मी गंमत करत नव्हते.

म्हणून मी उलटा डाव मांडला होता. कॅमेरे माणसाभोवती नाहीत, माणसाच्या अंगावर. मनगटावर, दंडावर, छातीवर, मांडीवर, पोटरीवर, आणि सगळ्यांची तोंडं बाहेर. ते माणसाला बघतच नाहीत. ते बघतात झाडं, बांध, तणसाचे म्हणजे भाताच्या पेंढ्याचे ढीग. झाड डावीकडे सरकलेलं दिसलं म्हणजे हात उजवीकडे गेला, एवढा साधा हिशोब. असे सगळ्या कॅमेऱ्यांचे हिशोब एकत्र जोडले की माणूस कुठे वाकला, कुठे तोल सावरला, ते आपोआप उमगतं. आमच्या कंपनीत हे खोलीत चालणाऱ्या माणसावर करून पाहिलं होतं, धावत्या छकड्यावर कोणीच नाही. "न्या, पण परवा सकाळी पेटी परत पाहिजे," साहेब म्हणाले, आणि मी ती काळी पेटी मांडीवर घेऊन घरी आले. रस्ताभर मला गुदगुल्या होत होत्या.

पट्टे अब्बांनी शिवले. सीटकव्हरचं रेक्झिन, रुंद इलास्टिक आणि दुहेरी टाके. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांसाठी राजाचे अंगरखे आणि राक्षसांचे मुखवटे शिवून त्यांचा हात असल्या अवघड कामाला सरावलेला आहे. मापं घेतली होती विक्कीची, कारण छकड्यावर तोच बसणार होता.

विक्की म्हणजे लटारूभाऊंचा मुलगा. नागभीडच्या पुढे कवडटोल्याला त्यांची धानाची शेती आहे आणि दारात बादल आणि लखन अशी जोडी. लटारूभाऊ पंचक्रोशीतले नामी धुरकरी. धुरकरी म्हणजे छकड्यावर उकिडवं बसून जोडी पळवणारा. गेल्या हंगामात चाक उडालं, लटारूभाऊ फेकले गेले आणि त्यांचा खांदा निखळला. हात आता खांद्याच्या वर जात नाही. येत्या गुरुवारी शेजारच्या गावात मोठा पट होता, आणि जोडीवर बसायचं कोणी, याचं उत्तर त्यांनी एका शब्दात देऊन टाकलं होतं. विक्की.

विक्कीची बहीण दिव्यानी माझी कॉलेजमधली मैत्रीण. बैलांचं चारापाणी, ढेप-कुटार तीच करते, पहाटे त्यांना फिरवते, आणि बाप शेतात गेला की रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, हळूच पळवतेही. विक्की त्या वेळी झोपलेला असतो. तिनं बापाला फक्त एवढंच मागितलं होतं, की एकदा बसलेली पाहा, मग नाही म्हणा. लटारूभाऊंनी पाहिलंच नाही. ती जोडी जुंपून उभी राहिली की ते पाठ फिरवून घरात जायचे. "मी पडलो त खांदा गेला. तू पडली त?" एवढंच त्यांचं म्हणणं. दिव्यानीनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं.

तर ती सकाळ. धान कधीच कापून झालं होतं, बांधीत नुसती खुंटं उरली होती. एका ओळीतल्या बांधींचे धुरे, म्हणजे मधले बांध, फोडून लटारूभाऊंनी सरावाची वाट केली होती. विक्की नवा शर्ट घालून, केसांना जेल लावून, काळा चष्मा चढवून आला.

"चष्मा कशाला?" मी विचारलं.

"व्हिडिओ काढून राह्यली ना तू?"

"तुझा नाही. कॅमेरे बाहेर बघतात. तू कुठेच दिसणार नाहीस."

"मंग मी कशाले पायजे?" असं म्हणून तो खरोखर हिरमुसला. त्याचं इन्स्टाग्राम चांगलं चालतं, तेव्हा त्याची बाजूही मला समजत होती.

अब्बांनी त्याला पट्टे बांधले, मी सगळे कॅमेरे सुरू केले आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला गेले. मला त्या जागेचे फोटो काढायचे होते, कारण झाडं कुठे आहेत हे कॉम्प्युटरला आधी माहीत असावं लागतं. तेवढ्या वेळात कमळाबाई, म्हणजे दिव्यानीची आई, आरतीचं ताट घेऊन आल्या. बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, जुवाला लावलं, छकड्याच्या चाकाला लावलं. मग पोराकडे वळल्या. त्याच्या अंगावर एवढ्या नव्या कोऱ्या वस्तू, आणि प्रत्येकीला एकेक गोल डोळा. त्यांनी बोट तेलात बुडवून, कुंकवात घोळवून एकाही डोळ्याला उपाशी ठेवलं नाही. माझे अब्बा ताट धरून उभे होते.

जोडी सुटली. सुरुवात बरी झाली, पण मध्यावर विक्कीनं कासरा एकदम ओढला, लखन बुजला आणि छकडा तिरपा होऊन बांधावर चढता चढता राहिला. विक्कीच्या तळहाताची साल निघाली. मी धावत गेले, कॅमेऱ्यांतलं चित्र फोनवर उघडलं आणि पाहते तर काय, सगळीकडे लाल. मनगट लाल, पोटरी लाल, छाती लाल. कपाळावर हात मारायलाही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," कमळाबाई शांतपणे म्हणाल्या. "नवी मोटरसायकल आनली त तिच्या लाइटले नाई लावत का कुंकू? तसंच."

"अब्बा, तुम्ही होतात ना इथे?"

"बेटा, पूजा में मैं क्या बोलता," अब्बा म्हणाले. "मेरे को लगा, ऐसाच करते होंगे."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मोठ्या माणसांसमोर बोलायचं ते नव्हतं. लटारूभाऊ मात्र खो-खो हसत होते. मग त्यांनी विक्कीचा तळहात पाहिला, म्हणाले, "होईल. घाबरला थोडा. शिकंल," आणि पटाच्या कमिटीची बैठक होती म्हणून शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून निघून गेले. जाताना त्यांनी दिव्यानीकडे पाहिलंही नाही. ती लखनच्या मानेवरून हात फिरवत त्याला समजावत होती.

पुढे बराच वेळ मी कापूस आणि स्पिरिट घेऊन डोळे पुसत बसले. तेल पुसलं की कुंकू पसरायचं, कुंकू काढलं की तेल राहायचं. काचेच्या कडेला अडकलेलं कुंकू अब्बांनी सुईच्या टोकानं, श्वास रोखून काढलं. त्यांना अपराधी वाटत होतं, आणि मी मुद्दामच काही बोलत नव्हते. दुपार कलली तेव्हा सगळे कॅमेरे पुन्हा स्वच्छ झाले. पेटी सकाळी नागपूरला पोचवायची होती. मला अजून एक फेरी पाहिजे होती.

"मी नाई बसत," विक्की म्हणाला. त्यानं तळहात पुढे केला. साल निघालेली होती हे खरं, पण त्याच्या चेहऱ्यावर निराळंच काही होतं. "रुखसार, खरं सांगतो. लखन बुजला ना, मले लय भेव वाटलं. गुरवारी काय होईल मले मालूम नाई."

दिव्यानी गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिनं ऐकलं. मी काही विचारायच्या आत ती पुढे आली आणि दोन्ही हात पसरून अब्बांसमोर उभी राहिली, कपड्याचं माप द्यायला उभं राहतात तशी.

"काका, पट्टे लहान होतीन का?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी कमळाबाईंकडे पाहिलं. सगळ्यांना कळत होतं ती काय करते आहे. पटाच्या तोंडावर बापाला न विचारता जोडी पळवायची, आणि बैलाला काही झालं तर? मग पट तर जाईलच, पण बैलांच्या दाव्याला हात लावायची मुभाही तिला उरणार नाही. तिनं हे सगळं मनात मोजलं असणार. हात तिनं खाली घेतले नाहीत.

"म्या काई पाह्यलं नाई," कमळाबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या. जीव भांड्यात पडतोय तोवर त्या ताट घेऊन परत आल्या. मी कॅमेऱ्यांसमोर हात आडवे करून उभी राहिले. त्यांनी मला बाजूला सारलं, लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बोट पदराला पुसून टाकलं.

अब्बा मोहाच्या झाडाखाली मांडी घालून बसले आणि भराभर पट्टे उसवून आत घेऊ लागले. दिव्यानीनं ओढणी कमरेला गच्च बांधली. पट्टे चढले, कॅमेरे सुरू झाले. ती छकड्यावर बसली तेव्हा बादलनं कान मागे वळवले. त्याला बसणारा माणूस ओळखू आला होता.

आणि मग ती गेली.

मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि मी दिवसभर स्क्रीनवर सुंदरच गोष्टी पाहते. आवाज नाही, आरडाओरडा नाही, नुसता खुरांचा दणका आणि मागे उडणारी माती. मध्यावर, जिथे धुरा फोडलेला होता, तिथे उरलेल्या उंचवट्यावर डावं चाक उडालं. छकडा एका चाकावर गेला. अब्बांनी डोळे मिटले. दिव्यानी उडालेल्या चाकाकडे अंग झोकून अशी काही लवंडली की मला वाटलं गेली, आणि चाक खाली आलं. कासरा तिनं ओढला नाही. जोडीचा वेग कमी झाला नाही. पार टोकाला जाऊन तिनं बैल हळूहळू थांबवले आणि त्यांच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिली. मी खुंटांतून अनवाणी धावत सुटले होते, हे मला नंतर पाय पाहून कळलं.

कॅमेऱ्यांतलं चित्र स्वच्छ होतं. झाडं, बांध, तणस, आकाश, सगळं. मी ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि त्याला कच्चा हिशोब करायला लावलं. तो बराच वेळ गुरगुरत राहिला. मी एका जागी बसू शकत नव्हते. चार वेळा चहा झाला. दिवेलागणीला पडद्यावर राखाडी बांधी उमटली, आणि तिच्यावर काड्यांचा एक माणूस. डोकं म्हणजे गोळा, हात-पाय म्हणजे काड्या. छकडा नाही, बैल नाहीत. तो काडीमाणूस हवेत उकिडवा बसला होता आणि धावत होता.

"ही मी हाये?" दिव्यानी म्हणाली.

"तूच."

तिनं स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा बघत होती, आणि मी तो काडीमाणूस गरागरा फिरवून दाखवत होते, वरून, मागून, बाजूनं. जमलं होतं. स्टुडिओशिवाय, ठिपक्यांशिवाय, कवडटोल्याच्या बांधीत जमलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. लटारूभाऊ उतरले, पाय धुऊन ओसरीवर आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले. मी पडदा मिटणार होते, पण उशीर झाला होता.

"हे काय वो?"

"धुरकरी," मी म्हणाले. "अंगावरच्या कॅमेऱ्यांवरून काढलाय. नुसती हालचाल आहे."

ते खाली बसले. काडीमाणूस धावू लागला. सुरुवातीला ते गंमत पाहत होते. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांचा चांगला हात आपोआप वर आला, मूठ वळली, आणि काडीमाणूस डावीकडे कलला की तेही किंचित कलू लागले. धुऱ्याची जागा आली. काडीमाणूस उडाला, लवंडला, परत बसला.

"थांब. मागं घे."

मी मागे घेतलं. पुन्हा दाखवलं. पुन्हा.

"चाक उडालं होतं इथी," ते म्हणाले.

"हो, भाऊ. डावं."

"आन कासरा नाई ओढला." "इथी मीच पडलो असतो. मांगच्या साली असाच पडलो. मी कासरा ओढला होता." मग ते कमळाबाईंकडे वळले आणि चेहरा असा उजळला की मला पाहवेना. "ऐकलं का वो? सकाळी मले वाटलं, घाबरला पोट्टा. पन पाह्य. धुरकरी झाला आपला विक्की."

कमळाबाईंनी पदर तोंडाशी नेला. माझा पारा सर्रकन चढला. मी तोंड उघडलं, तर दिव्यानीनं माझं मनगट घट्ट धरलं. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला पाहिलं होतं, वाखाणलं होतं, आणि नाव दुसऱ्याचं घेतलं होतं. ते सांगायचं की नाही, हेही तिला ठरवता येत नव्हतं.

विक्की हातपंपाशी तळहात भिजवत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला, पडद्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बाप त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होता तसं त्याच्याकडे कोणी कधी बघितलं नसावं. तो गप्प राहिला असता तर मी त्याला दोष देणार नव्हते. दिला असता, पण नंतर.

"बाबा, तो मी नाई," विक्की म्हणाला.

"मंग कोन? माह्या जोडीवर दुसरं कोन बसलं?" लटारूभाऊंचा आवाज चढला. "तो डोमा धुरकरी आला होता का?"

"दिव्यानी."

अब्बांनी हातातला कप न वाजवता खाली ठेवला. मला वाटलं, आता लटारूभाऊ उठतील आणि पाठ फिरवून घरात जातील, नेहमीसारखे. त्यांनी एक हात जमिनीला टेकलासुद्धा.

ते उठले नाहीत. "चालव," ते मला म्हणाले.

मी चालवलं. काडीमाणूस धावला, उडाला, सावरला. या वेळी ते कलले नाहीत. नुसते बघत राहिले, डोळे भरून आले तरी पुसले नाहीत. मग मान वळवून त्यांनी लेकीकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात बैल निरखावा तसं, सावकाश, काही न सोडता. दिव्यानी भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या अंगावर पट्ट्यांचे वळ अजून दिसत होते.

"चाक उडालं तवा उजवा पाय बाहेर काऊन टाकला?" त्यांनी विचारलं.

"तोल जाऊन राह्यला होता, बाबा."

"तोल जाते तवा अंग टाकाचं. पाय नाई टाकाचा. पाय मोडते, आन छकडा वरून जाते." त्यांनी पडद्यावर, काडीच्या पायावर बोट ठेवलं. "गुरवारी असा पाय टाकला त साऱ्या पटासमोर छकड्यावरून उतरवीन तुले. समजलं का?"

दिव्यानीनं मान हलवली आणि बापाच्या बोटाखालच्या त्या काडीच्या पायाकडे वाकून पाहिलं.